गाडी खोललेली आहे

२ डिसेंबर, रविवार
सकाळी लातूरहून प्रज्ञाचा फोन. "पप्पा, गाडी घेऊन या. मला घरी न्या." रडत नव्हती. रडत असती तर समजूत घालता आली असती. म्हणाली, यंदाही माझं होणार नाही, मला कळतंय. पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती दिसतात, आत काही जात नाही. मी म्हणालो, पुढच्या रविवारी येतो. "नक्की?" नक्की.
लगेच सुनंदाचा फोन, जिन्यातून असावा, आवाज दबका. "तुम्ही येऊ नका. गाडी खाली दिसली की ती बॅग भरून बसंल. मग मी कशी थांबवू? मेपर्यंत कळ काढा. डॉक्टरकीची एवढी एक परीक्षा."
बरं, म्हणालो.
एकाच सकाळी मायलेकी दोघींना हो म्हणून मोकळा. हे मला छान जमतं.

३ डिसेंबर
शाळा. नायगावची बस नेहमीसारखी गच्च. दिवसभर कसली तरी ऑनलाइन माहिती भरत होतो, शिकवणं राहिलं बाजूला. मधल्या सुट्टीत देशमुख सरांनी खिचडीच्या ताटावरूनच विचारलं, "पोरगी काय म्हणते? दुसऱ्या वर्षी होऊन जातं हो. रिपीटरवाल्यांचंच जास्त होतं."
होतं, म्हणालो. खिचडीत मीठ नव्हतं.

६ डिसेंबर
संध्याकाळी पुतळ्याजवळ जाऊन आलो. पांढरा शर्ट, मेणबत्ती, ओळीत उभा. दरवर्षी तिघं जायचो. ओळीत मागच्या बाईंनी विचारलं, मॅडम दिसत नाहीत? म्हणालो, लातूरला असतात, मुलीच्या ट्यूशनसाठी. "अरे वा," म्हणाल्या. दीड वर्ष झालं, सगळे "अरे वा"च म्हणतात. नवरा नांदेडात, बायको-पोरगी लातूरच्या एका खोलीत, यात वा काय आहे ते कुणी तरी एकदा सांगावं.

८ डिसेंबर, शनिवार
उद्या जायचं की नाही.
गाडीपाशी जाऊन उभा राहिलो. ऑइल बदलायचं राहिलंय, हे खरं आहे. दिवाळीतच बदलायला हवं होतं. ऑइलची पट्टी ओढून बघितली, नुसतं डांबर. असल्या ऑइलवर लातूरची चक्कर म्हणजे इंजिनावर अन्यायच.
प्र.ला मेसेज टाकला : ऑइल बदलून मग निघतो.

९ डिसेंबर, रविवार
पत्र्याच्या शेडमध्ये गाडी जॅकवर घेतली, चाकांना दगड लावले. इंजिन थोडं गरम करून चेंबरचा नट सोडला. घमेलं भरत आलं, काळंकुट्ट. इथवर ठीक.
मग ऑइल फिल्टर. हातानं फिरेना. फडकं गुंडाळून, पॉलिश पेपर गुंडाळून, शिव्या देऊन, काही नाही. शेवटी पेचकस आरपार ठोकला आणि पिळला. पत्रा टरकला, बूड जागच्या जागी. म्हणजे आता जुना फिल्टर राहिला नाही आणि नवा बसत नाही. गाडी हलणारच नाही.
पायरीवर बसलो. खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. लाज वाटायला हवी होती, ती चहा पिताना वाटली.
सु.ला फोन केला. गाडी खोललेली आहे, म्हणालो. "बरं झालं," म्हणाली. फोन ठेवता ठेवता, "मी सांगते तिला."

११ डिसेंबर
बसमधून उतरून रफिकभाईंच्या दुकानात. शेजारी घर, चौकात स्पेअर पार्टचं दुकान, आजोबांपासूनचं. त्यांनी फिल्टर काढून समोर ठेवलासुद्धा. मी म्हणालो, शनिवारी नेतो.
"सर, तंवर इंजिन उघडं ठेवता? धूळ जाऊन राहिली ना आत."
फडकं लावलंय, म्हणालो. त्यांनी फिल्टर परत फळीवर ठेवला आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

१६ डिसेंबर, रविवार
छिन्नी-हातोडी घेऊन फिल्टरचं बूड एकदाचं निघालं. बोटाची साल गेली. नवा आणला. लावला असता तर दुपारी गाडी तयार होती. पण आता उघडलीच आहे तर डिझेलचाही फिल्टर बदलून टाकावा असं मनात आलं. रफिकभाई म्हणाले, तो अजून लई चालंल, आन् माझ्याकडं न्हाई, मागवावा लागंल. म्हणालो, मागवा.
संध्याकाळी प्र.चा फोन.
"झालं का पप्पा?"
फिल्टर मागवलाय.
"कुठला?"
डिझेलचा.
मग म्हणाली, "पप्पा, तेल गळायला किती वेळ लागतो?"
इंजिन गरम असलं तर अर्धा तास, म्हणालो. खरं बोलायची सवय मोडत नाही कुठं कुठं.
"माहीत आहे मला. दहावीच्या सुट्टीत घमेलं मीच धरलं होतं."
फोन ठेवला तिनं.

१८ डिसेंबर
रफिकभाईंना सगळं सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून असेल.
ते म्हणाले, "मग सर, बस हाय की. तुम्ही रोज नायगावला बसनंच जाऊन राहिले."
सामान लई आहे हो. गॅस, गाद्या, पुस्तकं.
"सामान ऱ्हाऊ द्या तिथंच. लेकरू आणायचं हाय ना?"
मला राग आला. त्यांचा नाही. बस आहे हे मला माहीत नाही का? दर अर्ध्या तासाला आहे. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. झोपेत विचारलं तरी सांगेन.

२१ डिसेंबर
थंडी. शेडमध्ये सु.ची बाज उभी करून ठेवलेली, तिच्यावर मी ऑइलचे हात पुसलेलं फडकं टाकलं होतं. उचललं.
लग्न झाल्यापासून ती या शेडमध्येच झोपत आली, पत्र्याखाली, गाडीच्या शेजारी. पावसात सुद्धा. घराला स्लॅब आहे म्हणून. त्र्याण्णवच्या भूकंपात ती चौदा वर्षांची होती. माळवदाखालून तिला काढलं तेव्हा उजाडलं होतं, आणि तिच्या गावात पहिला डॉक्टर पोचला तो दुपार कलल्यावर. तोवर तिची धाकटी बहीण बोलत होती म्हणे, पाणी मागत होती, आणि मग
तीच बाई आता लातूरला तिसऱ्या मजल्यावर राहते. डोक्यावर एक स्लॅब, त्यावर गच्चीतली पाण्याची टाकी. निम्मी रात्र दाराला पाठ लावून बसते, प्र.नं सांगितलं मला. पोरगी डॉक्टर व्हावी म्हणून. तिला मी कोणत्या तोंडानं सांगू की पुरे झालं, चल?
आणि पोरीला कोणत्या तोंडानं सांगू की पुरे नाही झालं?

२५ डिसेंबर
सुट्टी. एअर फिल्टर काढून झटकला. मुठी-मुठीनं धूळ. यालाच वेळ गेला असं सांगता येईल. कुणी विचारलं नाही.

३० डिसेंबर, रविवार
डिझेल फिल्टर आला. रफिकभाईंनी घरी आणून दिला, म्हणजे मला आता आला नाही असं म्हणायची सोय नाही. त्यांच्यासमोरच बसवला. डिझेलच्या लाइनमध्ये हवा अडकून एअर पकडली असणार. सेल्फ मारला, मारला, मारला. बॅटरी बसली.
"आधी ऑइल भरायचं, हातपंपानं एअर काढायची, मग सेल्फ ना सर. माहीत हाय तुम्हाला."
माहीत आहे.
ते पाने पुसून डब्यात ठेवायला लागले. माणूस भला आहे. भल्या माणसाचं गप्प बसणं फार लागतं.
सु.ला कळवलं : एअर पकडलीय, बॅटरी उतरलीय. शंभर टक्के खरं. खरं कारण सांगताना काय बरं वाटतं!

१ जानेवारी
प्र.चा फोन नाही. मीच केला, नवीन वर्षाचा. "तुम्हालाही, पप्पा." बास.
सु. म्हणाली, आता गाडीचं विचारतच न्हाई. अभ्यासाला बसून राहिली नुसती.
खूश होती. मीही व्हायला पाहिजे.

६ जानेवारी, रविवार
ऑइल फिल्टर हातानं चढवून ठेवला. नवं ऑइल भरलं नाही. कॅन शेडमध्ये तसाच. पुढच्या रविवारी. घाई कशाची.
टेस्टमध्ये प्र.चे मार्क वाढले. क्लासच्या बोर्डावरच्या यादीत नाव बरंच वर गेलं. सु.नं फोटो पाठवला. यादीखाली उभं राहून काढलेला असेल, अर्ध्या फोटोत कुणाचं तरी डोकं. मी तो देशमुख सरांना पाठवला. त्यांचा अंगठा आला.
म्हणजे मी बरोबरच केलं का?

१० जानेवारी
सु.चा फोन, शाळेत असताना. असं कधी करत नाही. पटांगणात जाऊन घेतला.
"अहो, ती बोलत न्हाई."
अभ्यास करत असेल.
"अभ्यास करते. ताट ठेवलं की जेवते, उचललं की उठते. मी काही बोलले की 'हो आई'. भांडत न्हाई, रुसत न्हाई. ही आपली पोरगी न्हाई हो." मग म्हणाली, पलंग दारापाशी होता तो खिडकीला आडवा लावलाय मी.
का, म्हणून मी विचारलं नाही. वीस-पंचवीस वर्षं ही बाई उघड्यावर नाही तर दाराजवळ झोपत आलीय, पळता यावं म्हणून; तिनं आता तिसऱ्या मजल्यावरची खिडकी अडवली.
"तुम्ही या. घेऊन जा तिला. ऱ्हाऊ द्या डॉक्टर."
माझ्या मागे पोरं लंगडी खेळत होती. त्यांचा नुसता कल्ला.

१२ जानेवारी, शनिवार
शाळेतून आल्याबरोबर शेडमध्ये. नवं ऑइल भरलं, पंपानं एअर काढली, रफिकभाईंच्या बॅटरीवर गाडी चालू केली. खाली वाकून बघितलं, गळती नाही. महिनाभर होत नव्हतं ते एका बैठकीत झालं, हात धुवायच्या आत.
उद्या सकाळी निघतो. प्र.ला नाही सांगितलं. खाली गाडी दिसली की कळेलच तिला.

१३ जानेवारी
लोहा गेलं. गाडी मस्त चालली होती. पोरीशी काय बोलायचं ते पाठ करत होतो. अहमदपूरच्या अलीकडे समोर लाल दिवा. ऑइलचा. लगेच बंद केली, बाजूला घेतली. खाली बघतो तर मागं रस्त्यावर लांबच लांब काळा पट्टा, माझ्या गाडीखाली येऊन संपलेला.
फिल्टर काढला. हातातल्या फिल्टरला त्याची रबरी रिंग होती. आणि इंजिनाला दुसरी, जुनी, चिकटून बसलेली. बूड काढलं तेव्हा ती निघालीच नव्हती आणि मी तिच्यावरच नवा चढवला होता. दोन रिंगांवर फिल्टर धरत नाही. शेडमध्ये उभ्या गाडीवर धरला, रस्त्यावर सोडला. महिनाभर इंजिनासमोर बसत होतो. एकदा बोट फिरवलं असतं तर कळलं असतं.
फोन केला. प्र.नं उचलला. म्हणालो, बाळा, निघालो होतो, अहमदपूरजवळ गाडी बंद पडली.
"हो पप्पा. ऑइल ना?"
चिडून नाही. आजारी माणसाचं मन राखावं तसं.
अगं खरंच
"हो पप्पा. ठेवू?"
गाडी ढकलून एका ढाब्याच्या अंगणात लावली. बस आली. हात केला, थांबली. चढलो.
दुपारी लातूर. ट्यूशन एरियात पाठीवर दप्तर लावलेली पोरं-पोरी, रस्ता भरून, रविवार असून. कुणी हसत नव्हतं असं नाही, हसत होती. मला आपल्या पोरीशिवाय काही दिसत नव्हतं.
दार तिनंच उघडलं. बारीक झालीय. माझ्या हातांकडे बघितलं, कोपरापर्यंत काळे.
"खरंच बंद पडली?"
खरंच.
"मग कसे आलात?"
बसनं.
विचार करत उभी राहिली. मग म्हणाली, "म्हणजे बसनं येता येतं."
टोमणा नव्हता तो. नुसतं गणित सुटल्यासारखं म्हणाली आणि आत गेली. मला दारातच कुणी तरी मुस्कटात मारल्यासारखं झालं. सु.नं बादली आणि निरम्याची पुडी पुढं केली. घासत बसलो, तेवढंच एक काम होतं.
जेवताना म्हणालो, चल, घरी जाऊ. सामान राहू दे.
"आता नको."
सु. म्हणाली, जा बाळा. मीच म्हणते. मला काही न्हाई पाहिजे.
"आई, उद्या टेस्ट आहे."
मागे तू म्हणाली होतीस ना, मी म्हणालो.
"तेव्हा म्हणाले होते."
भाजी छान झाली होती. मी परत मागून घेतली. अशा वेळी माणूस भाजी मागून घेतो.

१४ जानेवारी
रात्रीच्या बसनं परतलो, सकाळी थेट शाळा. रफिकभाईंचा पाहुणा अहमदपूरला असतो, त्यानं जुनी रिंग काढून, ऑइल भरून गाडी आणून दिली. इंजिन वाचलं म्हणे, वेळेवर बंद केलीत सर. रफिकभाई म्हणाले, रिंग ऱ्हाऊन जाते कधी कधी, माझ्याबी हातनं झालंय.
गाडीला काही झालं नाही.

२० जानेवारी, रविवार
बसनं लातूर. प्र.नं पाणी आणून दिलं. "बसा पप्पा." पाहुण्याला म्हणतात तसं. संध्याकाळी निघालो तर खाली पोचवायला आली. रिक्षा येईपर्यंत थांबली, मग वर गेली.
थांबली, हे काय कमी आहे. असं बसमध्ये स्वतःला सांगत आलो, चाकूरपर्यंत पटलं.

३ फेब्रुवारी, रविवार
लातूर. मार्क पुन्हा घसरले. यादीत खाली. तिला विशेष वाटलेलं दिसलं नाही. वाढले तेव्हाही वाटलं नव्हतं. मी आणि सु. गच्चीवर जाऊन बोललो, टाकीच्या आडोशाला. सु. म्हणाली, आपलं चुकलं. मी म्हणालो, माझं चुकलं. पण त्यानं काय होणार होतं?
सु. म्हणाली, मला आता स्लॅबची भीती वाटत न्हाई. मी तिला हाताला धरून खाली घेऊन आलो.

१० फेब्रुवारी
गेलो. एक्स्ट्रा क्लास होता, भेट नाही. तिच्या उशीखाली हात घालून बघितला, काही नाही. चार्जर. मी असा बाप झालोय.

१७ फेब्रुवारी, रविवार
आज तिला डॉक्टरांकडे नेऊ म्हणालो, मनाच्या. इथं एक बाई आहेत, चांगल्या आहेत म्हणतात. ओरडेल असं वाटलं होतं. "परीक्षा झाल्यावर," म्हणाली. त्याआधी? "त्याआधी वेळ कुठंय पप्पा." खरंच नाही वेळ. भिंतीवर लावलेलं टाइमटेबल मी वाचलं, आंघोळीलासुद्धा रकाना आहे. रडायचं असेल तर ते कुठल्या रकान्यात करायचं?
सु.नं डॉक्टरबाईंचा नंबर घेऊन ठेवलाय. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघंच आधी जाऊन येऊ म्हणते.

२४ फेब्रुवारी, रविवार
अंगात ताप, जाता आलं नाही. खरा ताप. थर्मामीटरचा फोटो काढून सु.ला पाठवला. ही वेळ आणली मी माझ्यावर.
दुपारी फोन वाजला. प्र. स्वतःहून. डिसेंबरनंतर पहिल्यांदा. ताप किती, गोळी घेतली का. घेतली. मग काही तरी बोलायचं म्हणून म्हणाली, "गाडी नीट आहे ना?" आहे. "पुढचं ऑइल कधी?"
आता डिसेंबरात, म्हणालो. वर्षानं.
"डिसेंबरात मी असेन का तिथं?"
ताप असूनही खडबडून उठून बसलो. असशील म्हणावं तर तू नापास होशील असं सांगितल्यासारखं. पास झाली तर कुठल्या तरी कॉलेजच्या होस्टेलवर असणार. मग नसशील म्हणावं? घरी येऊ नको, हेच तर मी इतके दिवस सांगत आलोय तिला. आणि ती हे विचारत होती की दुसरंच काही, तेही मला कळेना. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. उत्तर पाहिजे होतं तिला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काही तरी पाहिजे होतं.
मी अगं, म्हणालो. नुसतं अगं.
"चला पप्पा, क्लासची वेळ झाली."
परत लावला. बंद. क्लासमध्ये बंदच ठेवावा लागतो. सु.ला लावला, ती भाजी आणायला खाली आलीय, प्र. वर एकटीच आहे म्हणाली. म्हणालो, भाजी राहू दे, आधी वर जा.
फोन चालूच ठेवलाय. जिना चढतेय ती.